‘लवादात हरलो’ – पण कोणत्या लवादात?
(मोटार अपघातात जायबंदी झालेल्या सभासदांसाठी चार उपयोगी गोष्टी)



गळीत हंगाम सुरू असताना काट्याजवळ गाड्यांची रांग लागते आणि त्या रांगेत गावोगावच्या सुखदुःखाच्या गोष्टी निघतात. अशाच एका सकाळी आपले एक सभासद काठी टेकत टेकत आले. वय अडतीस. पूर्वी उसाची मोळी खांद्यावर घेऊन धुऱ्यावरून चालत जाणारा माणूस. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत चौघडी केलेले कागद.

म्हणाले, “साहेब, लवादात हारलो जी. आता सुप्रीम कोर्टातच जा लागते म्हन्तेत. आपल्याच्यानं का होते? म्हून कागद ठेवून देल्लो.”

सायकलने घरी परतत असताना महामार्गावर मागून आलेल्या मोटारीने त्यांना उडविले होते. मांडीचे हाड मोडले, गुडघा कायमचा आखडला. दावा चालला, निकाल लागला. हाती आलेल्या रकमेत दवाखान्याचे उसनेही फिटत नव्हते. आम्ही कागद उलगडून पाहिला. निकालाला ६१ दिवस झाले होते. कायद्याने अपिलाला दिलेली मुदत ९० दिवसांची. म्हणजे हाती अजून २९ दिवस होते आणि हा गृहस्थ कागद घडी करून पेटीत ठेवायला निघाला होता!

त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. परंतु अशी पिशवी आणखीही काही घरांत असेल, म्हणून हा लेख.

एक शब्द, चार कागद

घोटाळा मुळात ‘लवाद’ या शब्दापाशी आहे. महामार्गासाठी ज्यांची जमीन गेली त्यांना हा शब्द ठाऊक आहे; मोबदल्याचा वाद तेथे लवादाकडे जातो. वर्तमानपत्रे पर्यावरणाच्या न्यायाधिकरणाला ‘हरित लवाद’ म्हणतात. ट्रॅक्टरच्या कर्जाच्या करारातही बारीक अक्षरात लवाद असतो. आणि मोटार अपघाताचा दावा जेथे चालतो त्या न्यायाधिकरणालाही बोलताना लोक लवादच म्हणतात. शब्द एक, पण प्रत्येक ठिकाणचा निकाल वेगळा, मुदत वेगळी आणि पुढचा दरवाजाही वेगळा.

म्हणून हरल्यावर पहिला प्रश्न ‘आता काय कराचं?’ हा नाही. ‘माझ्या हातात कोणता कागद आहे आणि त्यावर तारीख कोणती आहे?’ हा पहिला प्रश्न आहे. कागद चारपैकी एक असेल:

१) मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निवाडा.
२) लोकअदालतीतील तडजोडीचा निवाडा.
३) करारातील कलमाप्रमाणे नेमलेल्या खऱ्याखुऱ्या लवादाचा निवाडा.
४) गावात पंचांसमोर किंवा मध्यस्थाने घडवून आणलेला समझोत्याचा कागद.

आता एकेक घेऊ.

न्यायाधिकरणाचा निवाडा: दरवाजा नागपूरला

दुसऱ्याच्या वाहनाने आपल्याला इजा झाली तर भरपाईचा दावा आपल्या देशात खाजगी लवादाकडे जात नाही. जुन्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन यासाठी खास न्यायाधिकरणाची सोय झाली. पुढे १९८८ चा कायदा आला, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि त्यातही ही व्यवस्था कायम राहिली. आपल्या जिल्ह्याचे दावे भंडाऱ्याच्या न्यायालयात चालतात. निकालपत्राच्या डोक्यावर ‘मोटार अपघात दावा न्यायाधिकरण’ असे लिहिलेले असेल तर समजावे की कागद पहिल्या जातीचा आहे.

या निवाड्यावर अपील उच्च न्यायालयात होते. भंडारेकरांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. सुप्रीम कोर्ट ही त्यानंतरची पायरी. म्हणजे दिल्ली दूर असली तरी नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवरच आहे.

अपिलाचे नियम थोडक्यात असे:

• मुदत निवाड्याच्या तारखेपासून ९० दिवस. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून उशीर माफ करण्याचा अर्ज देता येतो. आजारपण, पुन्हा शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणे ही कारणे दवाखान्याच्या कागदांसह मांडावीत. ‘माहीत नव्हते’ एवढ्यावर विसंबू नये.

• वादाची रक्कम १ लाख रुपयांच्या आत असेल तर अपील चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने हे बंधन वाढविले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. आधी ही मर्यादा १० हजारांची होती. वादाची रक्कम म्हणजे मिळालेली नव्हे, तर जास्तीची जी मागतो ती.

• भरपाई देण्याचा हुकूम ज्याच्यावर झाला त्याला अपील करायचे असेल तर आधी २५ हजार रुपये किंवा हुकमाच्या रकमेची निम्मी रक्कम, यांतील जी कमी असेल ती, भरावी लागते. जखमी माणसाला वाढ मागण्यासाठी अशी अनामत नाही.

• मंजूर झालेली रक्कम उचलली म्हणून वाढ मागण्याचा हक्क जात नाही. मात्र ‘पूर्ण समाधान झाले, आता काही मागणे नाही’ अशा मजकुरावर सही करू नये.

• आपण अपील केले नाही, पण विमा कंपनीने केले आणि तिची नोटीस घरी आली, तर एक महिन्याच्या आत वकिलामार्फत आपली प्रति-हरकत घालावी. नोटीस आली म्हणून घाबरून बसू नये. ती आपल्यालाही बोलण्याची संधी असते.

काही दावे मात्र ‘हरलेले’ नसतात, नुसते निकाली काढलेले असतात. तारखेला हजर नसल्यामुळे दावा काढून टाकला गेला असेल तर त्याच न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत दावा पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज करता येतो. बेरजेची किंवा टंकलेखनाची चूक असेल तर तीही तेथेच दुरुस्त होते. त्यासाठी नागपूर गाठण्याचे कारण नाही.

एका शून्याचा फरक

अपिलात काय मांडायचे? ‘मला कमी मिळाले’ एवढे म्हणून भागत नाही. चूक कोठे झाली ते बोट ठेवून दाखवावे लागते. भरपाईचा हिशोब कसा होतो हे ज्याला कळले, त्याला ती चूक सापडते.

हिशोब चार आकड्यांवर उभा असतो: मासिक उत्पन्न, पुढे उत्पन्न किती वाढले असते त्याची भर, वयाप्रमाणे गुणक, आणि कमाईची ताकद किती टक्के गेली ते प्रमाण. गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात घालून दिला. ३६ ते ४० वयाला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, असा तो उतरत जातो. पुढील वाढीची भर २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविली. स्वतःचा धंदा करणाऱ्यास चाळिशीच्या आत ४० टक्के, ४० ते ५० वयाला २५ टक्के, ५० ते ६० ला १० टक्के. कायमचे अपंगत्व आलेल्या जिवंत माणसालाही ही भर मिळते, हे २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात पुन्हा स्पष्ट झाले.

आता आमच्या त्या सभासदाचा निवाडा पाहा. उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून महिना ६ हजार धरला. पुढील वाढीची भर धरलीच नाही. सरकारी दवाखान्याच्या दाखल्यात अपंगत्व ४० टक्के होते. पण ‘शेती तर चालूच आहे’ असे म्हणून कमाईचे नुकसान १० टक्केच धरले. हिशोब असा झाला: ७२ हजार गुणिले १५, म्हणजे १० लाख ८० हजार, त्याचे १० टक्के, १ लाख ८ हजार. आणि सायकलवाल्याचीही निम्मी चूक म्हणून त्यातले अर्धे कापले. राहिले ५४ हजार.

तोच हिशोब दुसऱ्या बाजूने मांडू. अंगमेहनत आणि देखरेख मिळून महिन्याला १० हजार सिद्ध झाले असे समजा. वर्षाचे १ लाख २० हजार. त्यावर ४० टक्के भर, झाले १ लाख ६८ हजार. गुणिले १५, म्हणजे २५ लाख २० हजार. आणि कमाईचे नुकसान ४० टक्के धरले तर १० लाख ८ हजार.

१ लाख ८ हजार आणि १० लाख ८ हजार! मधे एका शून्याचा फरक. औषधपाणी, वेदना, पुढील उपचार, मदतनीसाचा खर्च आणि व्याज यांचा हिशोब याहून निराळा असतो. वरचा आकडा मिळेलच असे आम्ही म्हणत नाही. ते न्यायालय पुरावा पाहून ठरवील. पण कागद पेटीत ठेवणे म्हणजे काय सोडून देणे, हे यावरून ध्यानात यावे.

पाय गेला तर शेतकऱ्याचे किती गेले?

टक्केवारीचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. डॉक्टरांचा दाखला शरीराचे नुकसान सांगतो. न्यायालयाला हवे असते कमाईचे नुकसान. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात समजावून सांगितला. माणसाचा डावा हात तुटला, तर तो ड्रायव्हर किंवा सुतार असल्यास त्याची कमाई जवळजवळ सगळीच जाते. सरकारी कचेरीत कारकून असल्यास नोकरी राहू शकते. हात तोच, नुकसान वेगळे. २०१४ मध्ये सय्यद सादिक प्रकरणात भाजी विकणाऱ्या तरुणाचा पाय कापावा लागला होता. न्यायालयाने त्याच्या कमाईचे नुकसान ८५ टक्के धरले आणि पक्का पुरावा नसतानाही मासिक उत्पन्न ६,५०० रुपये मानले.

मग धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभे राहणाऱ्या, उसाला रात्रीचे पाणी देणाऱ्या माणसाचा गुडघाच वाकत नसेल तर त्याचे नुकसान दहा टक्के कसे? रोवणी, बांधबंदिस्ती, मोळी बांधणे, बैलजोडी धरणे यांतले काय आता होत नाही, हे साक्षीत एकेक करून सांगितले पाहिजे. ‘मला त्रास होतो’ एवढे सांगून न्यायाधीशाला धुऱ्यावरची गोष्ट दिसत नाही. दाखला देणाऱ्या डॉक्टरांचीही साक्ष झालेली बरी. नुसता कागद लावला तर समोरचा वकील त्याला फाटे फोडतो.

‘जमीन तर तुमचीच राहिली ना?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यात तथ्य आहे. जमिनीचे उत्पन्न जमिनीबरोबर राहते, म्हणून उसाच्या सगळ्या बिलाला ‘माझी कमाई’ म्हणता येत नाही. पण मालक अंथरुणावर पडला की देखरेख जाते आणि गडी लावावा लागतो. ते नुकसान खरे आहे. २००३ मध्ये हरियाणा राज्य विरुद्ध जसबीर कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार मांडला. तेव्हा गड्याची मजुरी किती दिली, नांगरटीचे भाडे किती गेले, ऊस मोडून दुसरे पीक घ्यावे लागले काय, याची वही ठेवावी.

आणि येथे कारखान्याचा उपयोग होतो. आमच्या त्या सभासदाने दाव्याला सातबारा लावला होता, पण ऊसबिले लावलीच नव्हती! उसाची नोंद, काटापावत्या, हंगामाची बिले, बँकेत जमा झालेली रक्कम हा तिऱ्हाइताने ठेवलेला हिशोब असतो, आणि त्याला न्यायालयात वजन असते. अपघातापूर्वीची तीन वर्षे आणि नंतरची दोन वर्षे शेजारी ठेवली तर उतार आपोआप दिसतो. मात्र दाव्याच्या वेळी न दिलेला पुरावा अपिलात घेतलाच जाईल असा हक्क नाही. आधी का दिला नाही याचे कारण द्यावे लागते आणि न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून ज्यांचा दावा अजून खाली चालू आहे त्यांनी आजच ही कागदे काढावीत.

लोकअदालत: सही करण्याआधी विचार

लोकअदालतीत गोष्ट लवकर मिटते, पैसा लवकर मिळतो, मनस्ताप वाचतो. चांगली सोय आहे. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तेथील निवाडा अंतिम असतो. त्यावर अपील नाही. २००८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जलौर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा निवाड्याला उच्च न्यायालयात रिट अर्जानेच आव्हान देता येते, आणि तेही फार मर्यादित कारणांवर. सही आपली नसेल किंवा संमती फसवून घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. ‘नंतर कळले की कमी मिळाले’ हे कारण चालत नाही.

म्हणून पॅनेलसमोर आकडा पुढे आला की वरचा हिशोब स्वतः कागदावर करावा. पटत नसेल तर ‘मंजूर नाही’ म्हणावे. नाही म्हटल्याने दावा बुडत नाही, तो नेहमीच्या न्यायालयात परत जातो. शरमेपोटी किंवा कोणाच्या आग्रहापोटी सही करू नये. त्या एका सहीनंतर दरवाजा जवळजवळ बंद होतो.

खरा लवाद: तीन महिने, फार तर तीस दिवस वर

खरा लवाद सभासदाच्या आयुष्यात येतो तो बहुधा दुसऱ्या वाटेने. अपघात झाला, माणूस पडून राहिला, ट्रॅक्टरचे हप्ते थकले. मग कर्ज देणारी कंपनी करारातले कलम काढून लवाद नेमते. नोटीस दूरच्या शहरातून इंग्रजीत येते, घरचे ती कपाटावर टाकतात, आणि चार महिन्यांनी एकतर्फी निवाडा येतो. काही विमा पॉलिसींतही, विशेषतः जुन्या, रक्कम किती द्यायची एवढ्याच वादापुरते लवादाचे कलम आढळते.

असा निवाडा १९९६ च्या लवाद कायद्याखाली असतो. तो रद्द करून घेण्यासाठी निवाड्याची प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत न्यायालयात अर्ज करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस. त्यानंतर एक दिवसही नाही. येथे उच्च न्यायालयासारखी सवलत नाही. म्हणून पाकीट मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवावी.

कारणेही मोजकी आहेत. मला नोटीसच मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही, करार कायदेशीर नव्हता, लवादाने अधिकाराबाहेर निर्णय दिला, किंवा निवाड्यात वरवर पाहताच दिसणारी कायद्याची चूक आहे, अशी ती कारणे. पुरावा पुन्हा तपासून द्या, असे म्हणता येत नाही. कंपनीने एकटीने आपल्या मर्जीचा लवाद नेमला असेल तर तो मुद्दा जरूर घ्यावा. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकतर्फी एकटा लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात अमान्य केले आहे. आणि हे ध्यानात ठेवा की, अर्ज दिला म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

लवादाकडे अजून गेलाच नसाल तर आणखी एक वाट आहे. २०१२ मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक न्यायालयाचा मार्ग मोकळा राहतो. पण आधी लवादाचा मार्ग धरला की मग ग्राहक न्यायालयाकडे वळणे अवघड. आपल्याच पॉलिसीतील वैयक्तिक अपघात विमा कंपनीने नाकारला, तर भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तेथे हरल्यास राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील.

गावातला कागद

अपघातानंतर चौकात पंच बसतात, गाडीवाला दहा-वीस हजार देतो आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून घेतो. हा कागद म्हणजे न्यायाधिकरणाचा निवाडा नव्हे. तो दाव्यात आडवा येतो, विमा कंपनी तो दाखविते, हे खरे. पण केवळ त्या कागदामुळे दावाच संपला असे समजून घरी बसू नये. कागद घेऊन वकिलाला दाखवावा. मुख्य म्हणजे पोलिसांत नोंद झाल्याशिवाय गाव सोडू नये. पहिली खबर आणि घटनास्थळाचा पंचनामा नसेल तर पुढची सगळी इमारत वाळूवर उभी राहते. आणि निम्मी चूक कोणाची, याचा निकालही बहुधा त्या पंचनाम्यावरच लागतो.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी हात हलवीत बसण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपयांची तरतूद आहे. तिचा अर्ज महसूल अधिकाऱ्यांमार्फत चालतो.

आपला ट्रॅक्टर असेल तेव्हा

हा लेख जखमी माणसाच्या बाजूने लिहिला, पण सभासद दोन्ही बाजूंना असतात. ऊस भरलेली ट्रॉली आपली असेल आणि इजा दुसऱ्याला झाली असेल, तर ‘विमा कंपनी जबाबदार नाही’ असा निकाल म्हणजे घरादारावर आलेली धाड.

येथे दोन-तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. ट्रॅक्टरवर जागा चालकाची. मडगार्डवर बसलेला किंवा ट्रॉलीत उसावर बसलेला माणूस साध्या पॉलिसीत येत नाही. मालवाहू गाडीतील फुकट प्रवाशाचा विमा नसतो, हे आशा राणी प्रकरणात २००३ पर्यंत स्पष्ट झाले. २००७ च्या ब्रिजमोहन प्रकरणात ट्रॉलीवरील मजूर जखमी झाला. कंपनीची जबाबदारी नाही असेच न्यायालयाने ठरविले. तरी गरीब मजुराकडे पाहून सर्वोच्च न्यायालयाने आपल्या खास अधिकारात कंपनीला आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करण्यास सांगितले. म्हणजे मजुराचे भागले, पण अखेर रक्कम मालकाच्याच अंगावर आली. तोडणीच्या टोळीला ट्रॉलीवर बसवून आणणाऱ्यांनी हे वाचावे. ट्रॉलीचाही वेगळा विमा आहे काय, हे हंगामापूर्वी पाहावे.

परवान्याच्या मुद्द्यावर मात्र मालकाला आधार आहे. २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, परवान्यात दोष आहे एवढ्याने कंपनी सुटत नाही. मालकाने जाणूनबुजून हयगय केली हे तिने सिद्ध केले पाहिजे. आणि हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहतुकीचे वाहन चालविता येते, हे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायम केले. या कारणावरून विमा नाकारला गेला असेल तर तो अपिलाचा चांगला मुद्दा आहे.

पैसा नाही म्हणून थांबू नका

“वकील कोन देईन?” हा प्रश्न त्या सभासदानेही विचारला. भंडाऱ्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. नागपूरला उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अपघाताने कायमचे अपंगत्व आलेला माणूस अपंग व्यक्तीच्या व्याख्येत बसत असेल, तर दाखला घेऊन जावे. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१००.

‘मिळेल त्यात तीस टक्के’ अशी बोली करणाऱ्यापासून दूर राहावे. निकालाच्या रकमेत वकिलाने वाटा ठरविणे वकिली व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. दवाखान्याच्या दारातच कोऱ्या कागदावर अंगठा मागणाऱ्याला तर ओळखही दाखवू नये.

आणि जिंकूनही पैसा मिळत नसेल तर? न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. ते जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठविते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. आपला सारा थकला की सरकार कसे वसूल करते, ते आपण जाणतोच!

शेवटी

ते सभासद दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला गेले. निकालाची प्रमाणित नक्कल मागितली. कारखान्याच्या शेतकी खात्याने पाच हंगामांचा उतारा काढून दिला. विधी सेवेकडून वकील मिळाला आणि ८४ व्या दिवशी नागपूरला अपील दाखल झाले. अजून निकाल नाही. काय लागेल ते आज कोणी सांगू शकत नाही, आणि आम्हीही सांगत नाही. उच्च न्यायालयात वर्षे जातात, हेही त्यांना आधीच सांगितले.

परवा पुन्हा काट्याजवळ भेटले. म्हणाले, “हारीन का जितीन, ते देवाले ठाऊक जी. पन मी न सांगता नाही हारलो, एवढं त झालं.”

सभासद बंधूंनो, तोडणीची तारीख चुकली तर ऊस वाळतो. कायद्याचेही तसेच आहे. तेव्हा घरात अशी पिशवी असेल तर आज रात्री ती उघडा. कागदाचे डोके वाचा, तारीख वाचा, बोटांवर दिवस मोजा. कळत नसेल तर कागद घेऊन गट कार्यालयात या. वकिली आम्ही करू शकत नाही. पण कोणता दरवाजा कोठे आहे आणि तो कधी बंद होतो, एवढे नक्की दाखवू. आणि आपली ऊसबिले जपून ठेवा. ती नुसती पैशाची पावती नसते. तुमच्या घामाचा तो पुरावा असतो.